तिसऱ्या वाफ्यातला गहू

प्रोफेसर कोलारोव्ह बावीस वर्षं एकच गोष्ट शिकवत आले होते. कडाक्याची थंडी पडली की एक एन्झाइम गव्हाच्या पेशींच्या पडद्यातली चरबी तोडतं, त्यातून रोपाला सावध होण्याचा निरोप मिळतो आणि ते तगतं. त्यांची विद्यार्थिनी योआना हिने त्या एन्झाइमचं जनुक बंद केलेला गहू बल्गेरियाच्या दोब्रुजा भागातल्या शेतात तिसऱ्या वाफ्यात पेरला. तो मरणार, हे दोघंही धरूनच चालले होते.

फेब्रुवारीत पारा उणे एकोणीसवर घसरला. महिन्याभराने, नेमक्या सरांच्या निवृत्तीच्या दिवशी, योआना शेतातून धापा टाकत आली.

"सर, बाकीचा गहू करपलाय आणि तिसरा वाफा हिरवागार आहे! माझंच काहीतरी चुकलं असणार. पाट्या बदलल्या असतील..."

सर बूट चढवून शेतात गेले. त्यांनी पाट्या तपासल्या, चिखलात गुडघे टेकून रोपांची मुळं पाहिली, आणि एकदम मोठ्याने हसू लागले.

"तुझं नाही गं पोरी, माझं चुकलं! मी ज्याला राखणदार समजत होतो, ते घरभेदी निघालं. थंडी पडली की आपल्याच घराच्या भिंती फोडत होतं. पुढच्या हिवाळ्यात दहा वाफे लावू."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, आहात कुठे? सभागृह भरलंय, चीज भरलेली बानित्सा गार होतेय, सगळे तुम्हाला निरोप द्यायला थांबलेत."

"खाऊन घ्या म्हणावं, स्वेतला," सर म्हणाले. "मी आजच कामाला लागलोय."