द्युम्नाचं बारसं

"वन्सं, नाव जरा अवघड आहे हं. अख्ख्या तालुक्यात कुणाचं नसेल," भावजय फोनवर म्हणाली होती. द्युम्ना! आत्याबाईंची जीभ अडखळायची. घरात बोलायला दुसरं कोण? आठ दिवस त्या तव्यावरच्या भाकरीला द्युम्ना म्हणाल्या, दारच्या गोकर्णीला म्हणाल्या, नवऱ्याच्या फोटोलाही म्हणाल्या, तेव्हा कुठे ते नाव जिभेवर बसलं.

बारशाला पाळणा म्हणून झाला, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं. आत्याबाई वाकल्या आणि बाळाच्या कानाशी जराही न अडखळता म्हणाल्या, "कुर्र्र... द्युम्ना!" रीतीप्रमाणे बायकांनी हसत हसत त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

आत्याबाई तशाच वाकून राहिल्या. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून पाठीवर माणसाचा हात म्हणून पडला नव्हता.

"वन्सं, झालं की! उठा आता, कंबर धरेल."

"नाही गं बाई," पाळण्यातून तोंड वर न काढता आत्याबाई म्हणाल्या, "चुकलंच बघ माझं. परत म्हणते. मारा गं बायांनो, चांगलं जोरात मारा!"