उकर्डा विलायतेले जाते

ओसरीवर जातीचे पंच बसले होते आणि सत्यभामा दाराआड उभी होती. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, तसा तिचा नवरा जानराव एकुलत्या एका पोराला, उकर्ड्याला, डाक्टरी शिकायला विलायतेला धाडायला निघाला होता.

"दोन हंगामाच्या कापसात सारं शिक्षन होते," जानराव पंचांना पटवत होता. "तिथं शिकलेल्या डाक्टराले गोरे साहेबही हात दाखवतेत."

"समिंदर ओलांडला का पोरगं जातीले मेलं," शालिकराम पाटील म्हणाले. "त्याचं जित्तेपनी श्राद्ध घालू आमी. पिंड पाडू."

जानरावाच्या तोंडचं पाणी पळालं. "मंग राहू द्या," तो पुटपुटला.

तेवढ्यात सत्यभामा, जन्मात कधी पंचांपुढे न आलेली, पदर सावरत ओसरीवर आली. तिची पहिली तीन लेकरं पटकीनं नेली होती. चौथ्याला तिनं जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं, आणि मरणाला तो कचरा वाटावा म्हणून नावही उकर्डाच ठेवलं. काल पलीकडच्या गल्लीत पुन्हा पटकी शिरली होती.

"आजच घाला श्राद्ध, पाटील," ती म्हणाली. "पटकी दारात आली तं तिले पिंड दाखवीन. सांगीन, हा कवाचाच मेला."