नकलाकार

निसर्ग केंद्राच्या छोट्या सभागृहात दिवे मालवले आणि पडद्यावर आंबोलीचं रान उभं राहिलं. कुमुदताई कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या होत्या. याच रानात फोटो काढायला गेलेला त्यांचा नवरा चार वर्षांपूर्वी परतलाच नव्हता. शोधणाऱ्यांना कॅमेरा तेवढा सापडला होता.

"आता जरा कान द्या," व्याख्यान देणारा तरुण रंगात येऊन म्हणाला. "हा भृंगराज पक्षी. पक्का नकलाकार! गेल्या रविवारीच याचा आवाज टिपलाय."

स्पीकरमधून आधी सर्पगरुड ओरडला, मग शेकरू. लोक हसले. आणि मग एक शीळ आली, लांबलचक, शेवटी खट्याळपणे वर चढणारी.

कुमुदताई ताडकन उभ्या राहिल्या. संध्याकाळी फाटकापाशी ही शीळ घुमली की त्या चहाचं आधण ठेवायच्या. तशी शीळ दुसऱ्या कुणाला कधी जमलीच नव्हती.

"ही... ही जुनी असेल ना?" त्यांनी कसंबसं विचारलं. "पूर्वी कधीतरी ऐकलेली, त्याच्या लक्षात राहिलेली?"

"छे हो काकू! रोज जे कानावर पडतं तेच हा उचलतो." तरुणानं हसत हसत पुढचा फोटो लावला. "आणि पूर्वी कुठलं? ही शेपटी बघा, पिसंसुद्धा अजून पुरती आलेली नाहीत. यंदाचं पिल्लू आहे हे."