तीन कोटेशनं

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांचा नियम होता: तीन कोटेशनांशिवाय खरेदी नाही. अश्लेषाला गेम खेळता खेळता लाइव्ह दाखवता येईल असा कम्प्युटर साठ हजारांत जोडून घ्यायचा होता. महागड्या ग्राफिक्स कार्डावर बाबांची हरकत होती. तिने नेहरू प्लेसच्या कम्प्युटर बाजारातून तीन दुकानांची कोटेशनं आणली. तीस वर्षं ऑफिसची खरेदी सांभाळलेल्या बाबांनी चष्मा लावून कागद उजेडात धरले. तिन्हींवर एकाच जागी तेलकट डाग होता. “दुकानं तीन आणि समोसा एकच?” अश्लेषा ओशाळली. “तिन्ही एकाच दुकानदाराने छापून दिली, बाबा. तुमचं नाव ऐकून हसला. म्हणाला, ‘साहब के दफ्तर में चालीस कम्प्यूटर ऐसे ही गए हैं.’” त्या खरेदीवर सही बाबांचीच होती. त्यांनी कागदांची घडी केली. “ग्राफिक्स कार्ड हवं ते घे. फाईल इथेच बंद.”