सूर्याचं जावळ

काळी टिकली. बाळाचे न कापलेले केस. तापलेली गच्ची. दोन दुर्बिणी.

मिरजेच्या खगोल मंडळाला उद्याच्या सूर्यजत्रेसाठी त्यांतली एक निवडायची होती. मोठी पडद्यावर चित्र दाखवायची. छोटीला डोळा लावायचा. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाखेरीज ती सगळं अडवायची.

"पडदाच बरा, उत्तराताई," मोकाशी म्हणाले. "हल्लीच्या पोरांच्या डोळ्यांत जन्मापासून डोळे जपणारी भिंगं. सूर्य दिसला की भिंग त्याच्यावर काळी टिकली लावतं. पडद्यावरच्या चित्राला तरी ते सोडतं. छोटीतून काय कप्पाळ दिसणार?"

"चित्रं त्यांनी रोज पाहिलीत," उत्तरा म्हणाली. तिच्या सात वर्षांच्या जुईने खरा सूर्य एकदाही पाहिला नव्हता. "जुई, लाव डोळा."

"टिकलीच आहे, आई."

मोकाशी पडद्याची वायर सोडवू लागले. सूर्याच्या कडेच्या ज्वाळा स्पष्ट व्हाव्यात म्हणून उत्तराने छोट्या दुर्बिणीच्या नळीवरची कडी हळूच फिरवली.

"थांब," जुई म्हणाली. "टिकली गेली. लाल आहे. आई, याचं जावळ काढलं नाही का कुणी?"

"कुठे आहे जावळ?" उत्तराने विचारलं.

"कडेला. एक बट तर वर उडालीय."

मोकाशींनी वायर खाली ठेवली. "सरक गं जरा, मला बघू दे. उद्या हीच लावू."

भिंगांना सूर्य ओळखायला शिकवताना फक्त गुळगुळीत कडेच्या गोळ्याची चित्रं दाखवली होती.