टबातलं पाणी

आजीच्या मुलाने दारातच बूट काढले, पट्टा खुंटीला अडकवला आणि खाकी गणवेशाचा शर्ट काढून तिच्या हातात दिला. उजवी बाही कोपरापर्यंत रक्ताने भिजली होती.

"माझं नाही," तो म्हणाला.

आजीने तरीही त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला. कुठे खरचटलंही नव्हतं. पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर आला, पण तो विचारायला सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होतीच.

"पोरगी दिसली का तुम्हाला?"

तो हवालदार. सकाळपासून पुलावर बंदोबस्ताला होता. नदीकाठची वस्ती उठवायचा हुकूम निघाला होता आणि त्याविरुद्धचा मोर्चा त्याच पुलावरून जाणार होता. त्याची मुलगी मोर्चात होती. घरात तिला सगळे पुढारी म्हणत. तिसरीत असताना शाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून वर्गातली पोरं गोळा करून ती हेडबाईंच्या दारात जाऊन बसली होती, तेव्हापासून. नाव ठेवलं होतं बापानेच, आणि तेही कौतुकाने.

दिसली नाही, असं त्याने सांगितलं. आधी दगड आले, मग वरून हुकूम आला, मग नुसता धूर. समोर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. दिसली असती तर काय केलं असतं, हे सुनेने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सून पुन्हा फोन लावायला आत गेली. मुलीचा फोन दुपारपासून बंद होता.

आजी शर्ट घेऊन मोरीत बसली. टबात गार पाणी घेतलं. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. बाही बुडवून ती हातानेच चोळू लागली.

सकाळी तिने जपमाळ घेतली होती. पहिल्या दहा मण्यांवर मुलासाठी मागितलं, पुलावरची त्यांची फळी मोडू देऊ नकोस. पुढच्या दहांवर नातीसाठी, तिला सुखरूप पूल ओलांडू दे. तिसऱ्या दहांना हात घातला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण देवाला भलत्याच पेचात टाकलंय. मग तिने माळ पुन्हा पहिल्यापासून धरली आणि काहीही न मागता नुसती दोघांची नावं घेतली. दर रविवारी चर्चमध्ये राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची. आजी मोठ्याने आमेन म्हणायची, नात तेवढं एक आमेन गिळून टाकायची. त्यावरून घरी येईपर्यंत दोघींची जुंपायची. कुणाचं बरोबर, हे फादरांना एकदा विचारावं असं आजीला वाटे. पण या वयात देवाची बाजू कुठली म्हणून काय विचारायचं!

पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल. शिवणीतून रक्त येतच राहिलं. रक्ताला ओळखायची काही खूण असती तर तिने ओळखलं असतं. नातीला पहिली आंघोळ तिनेच घातली होती.

मुलगा मोरीच्या दाराशी आला. एक पोर पडलं होतं, म्हणाला. त्याला उचलून गाडीपर्यंत नेलं.

"पडलं की पाडलं?"

"आई, मला माहीत नाही."

मुलगा होता की मुलगी, हेही त्याला सांगता येईना. केस बारीक कापलेले होते. नातीनेही गेल्या महिन्यात तसेच कापून घेतले होते, आणि बाप दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

"मी रुमाल काढून पाहिला नाही," तो म्हणाला. "हात धजला नाही."

आजीचे हात पाण्यातच थांबले.

तेवढ्यात आत फोन वाजला. सून बोलता बोलता रडायला लागली आणि रडता रडताच ओरडून सांगू लागली की पोरगी ठीक आहे, मैत्रिणीच्या घरी आहे, तिच्याच फोनवरून बोलतेय. आज घरी येणार नाही. हवालदारसाहेबांनी शोधायला येऊ नये. आजीने रक्तदाबाची गोळी घेतली का? थोडं थांबून सून म्हणाली, "विचारतेय, तुम्हाला लागलं नाही ना."

मुलगा तिथेच उंबऱ्यावर खाली बसला.

"देवाचे उपकार," आजी म्हणाली. "आपलं नाही."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. टबातलं पाणी होतं तसंच लाल होतं.

जरा वेळाने मुलगा उठला. बाही पिळून त्याने शर्ट बाजूला ठेवला आणि पाणी ओतायला टब उचलला. आजीने दुसरी कड धरली.

"मोरीत नको."

त्याला कळलं. चर्चच्या वेदीवर द्राक्षारसाचा प्याला पुसायची कापडं आजी घरी आणून धुवायची. ते पहिलं पाणी कधी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीत जिरवायचं. त्यात ख्रिस्ताचं रक्त असतं. लहानपणी ते भांडं बाहेर न्यायचं काम त्याचंच होतं.

"आई, हे काही ते नाही."

"कुणाची तरी आई अजून फोन लावत बसली असेल," आजी म्हणाली. "चल, धर."

दोघांनी टब धरून मागच्या दाराने बाहेर नेला. तो नुसत्या बनियनवर होता. शेजारची बाई दोरीवरचे कपडे काढता काढता बघत राहिली. भिंतीकडेला जिथे माती मोकळी होती तिथे तो गुडघ्यावर बसला. टब त्याने उपडा केला नाही. थोडा थोडा तिरका करत गेला, आणि सगळं पाणी जिरेपर्यंत तिथून उठला नाही.