प्रार्थनेचा विषय

चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत मनकर्णाबाई उठून उभी राहिली, की पाळकसाहेब कपाळाला हात लावायचे. "पुंजाजीसाठी प्रार्थना करा, तो पुन्हा पिऊन राहिला. मैनेसाठी करा, तिचं अन् सासूचं काल लय वाजलं," असं डोळे मिटून, हात जोडून ती अख्ख्या वस्तीच्या भानगडी देवाच्या कानावर घालायची, आणि मंडळी कान टवकारून ऐकायची. शेवटी साहेबांनी नियमच केला, की यापुढं ज्यानं त्यानं आपापल्यापुरतंच मागायचं.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात, गुरुवारी, साहेब तापानं फणफणले. बायको माहेरी तेल्हाऱ्याला गेलेली. शनिवार उजाडला, तरी कुणी पेजेची वाटी घेऊन फिरकलं नाही. नियमाआधी वस्तीत कुणी नुसतं शिंकलं, तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात चार घरचा काढा हजर असायचा. ती खबर देव कुणाच्या जिभेवरून धाडत होता, हे साहेबांना खाटेवर पडल्या पडल्या उमगलं.

भिंत धरत ते दारापर्यंत गेले. मनकर्णाबाई खाली मान घालून समोरून चालली होती. त्यांनी हाक मारली, तशी ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मी काई इचारत नाई, साहेब. तुमचाच नियम हाये."

साहेबांनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि आवाज अगदी खाली आणला. "बाई, तीन दिवसांपासून ताप हाये, पोटात अन्नाचा कण नाई. पण हे कोणाले सांगू नका."